फाइल-लॉक आणि पीआयडी: ‘लॉक कोणी धरलंय?’ याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘लॉक अडकलंय, कोणी धरलंय बघ जरा.’ सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने हे वाक्य ऐकलं नाही असं होत नाही. फाइल-लॉक म्हणजे एकाच फाइलवर दोन प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) एकमेकींच्या आड येऊ नयेत म्हणून घेतलेला ताबा. तो अडकला की आपण दोन-चार कमांड मारतो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एक आकडा देतं, पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर, आणि आपण त्या आकड्यामागे धावतो. तो आकडा कुठून येतो, कधी खरा असतो, कधी फसवतो आणि कधी थेट धोकादायक असतो, ते या पानावर आहे. सगळं लिखाण लिनक्स कर्नलबद्दल आहे. बाकीच्या युनिक्स सिस्टिमांत तपशील वेगळे निघतील.

कर्नल हा नंबर नेमका कुठे लिहून ठेवतं?

प्रत्येक लॉकसाठी कर्नलच्या मेमरीत एक नोंद असते, स्ट्रक्ट फाइल-लॉक. लॉक वाचण्यासाठी आहे की लिहिण्यासाठी, कितव्या बाइटपासून कितव्यापर्यंत, कोणत्या जातीचं, हे तिच्यात असतं. त्यातच दोन रकाने असतात: एफएल-ओनर आणि एफएल-पिड. २०२४ च्या ६.९ आवृत्तीत या नोंदीतला सामाईक भाग वेगळा काढून फाइल-लॉक-कोअर केला गेला आणि रकान्यांची नावं एफएलसीने सुरू व्हायला लागली. जुने लेख वाचताना एवढा फरक ध्यानात ठेवा, अर्थ तोच आहे.

एफएल-पिड भरला जातो तो लॉक मागितलं त्या क्षणी, मागणाऱ्या प्रोसेसचा नंबर घेऊन. त्यानंतर तो कोणी बदलत नाही. प्रोसेस मेली, तिचं पोर (तिने जन्माला घातलेली प्रोसेस) लॉक धरून बसलं, तरी रकान्यात तोच जुना आकडा राहतो. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

लॉकचा मालक म्हणजे पीआयडीच ना?

नाही. दोन लॉकांची टक्कर होते का, हे लॉक सोडायचा अधिकार या प्रोसेसला आहे का, हे ठरवताना कर्नल एफएल-ओनर बघतं. पीआयडी त्या निर्णयात कुठेच येत नाही. तो फक्त माणसाला दाखवण्यासाठी जपलेला असतो. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि शेत कसणारा दुसराच, असं आपल्याकडे घडतं ना, तसंच समजा. नाव चुकीचं नसतं, पण जमिनीवर आज कोण उभं आहे ते त्यावरून कळत नाही.

मालक कोण, हे लॉकच्या जातीवर ठरतं.

पॉझिक्स लॉक, म्हणजे एफसीएनटीएल या सिस्टिम कॉलमधून (कर्नलला केलेल्या विनंतीतून) घेतलेलं जुन्या पद्धतीचं लॉक. याचा मालक म्हणजे प्रोसेसचा उघड्या फाइलींचा तक्ता. एका प्रोसेसचे सगळे थ्रेड (तिच्या आत समांतर चालणारे धागे) एकच तक्ता वापरतात, म्हणून त्यांची लॉक आपापसात कधी भिडत नाहीत. फोर्क केल्यावर, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर, पोराला नवा तक्ता मिळतो, म्हणून ही लॉक पोराकडे जात नाहीत. आणि याच रचनेमुळे ती कुप्रसिद्ध अडचण येते: प्रोसेसने त्याच फाइलचा कुठलाही एक डिस्क्रिप्टर (तक्त्यातला उघड्या फाइलचा क्रमांक) बंद केला की त्या फाइलवरची तिची सगळी पॉझिक्स लॉक गळून पडतात. एखादी लायब्ररी तुमच्या नकळत तीच फाइल उघडून, वाचून, बंद करते आणि तुमचं लॉक गेलेलं असतं. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या सोर्समध्ये या वागण्याबद्दल लांबलचक टिपण आहे, ते अवश्य वाचा.

फ्लॉक. याचा मालक म्हणजे ती एकदा उघडलेली फाइल, कर्नलच्या भाषेत ओपन फाइल डिस्क्रिप्शन. फोर्कने किंवा ड्यूपने (डिस्क्रिप्टरची प्रत काढणाऱ्या कॉलने) तयार झालेले सगळे डिस्क्रिप्टर त्याच एका उघडण्याकडे बोट दाखवतात, म्हणून लॉक त्या सगळ्यांचं असतं. शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होईपर्यंत, किंवा त्यांच्यापैकी कोणी मुद्दाम सोडेपर्यंत, ते टिकतं.

ओएफडी लॉक, म्हणजे ओपन फाइल डिस्क्रिप्शनचं लॉक. २०१४ साली ३.१५ आवृत्तीत आलं. बाइटांच्या टप्प्यावर लॉक घ्यायची पॉझिक्सची सोय आणि मालकी मात्र फ्लॉकसारखी. नवा कोड लिहित असाल तर मी हेच सुचवेन. डिस्क्रिप्टर बंद होऊन लॉक उडण्याचा प्रकार यात होत नाही.

पीआयडी थ्रेडचा का नाही दिसत?

कारण रकान्यात थ्रेड-ग्रुपचा नंबर भरला जातो, म्हणजे आपण पीएस या प्रोसेसांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये प्रोसेसचा म्हणून बघतो तो. कुठल्या थ्रेडने लॉक घेतलं ते या नोंदीतून कळणार नाही. ते हवं असेल तर प्रोग्रॅमनेच लॉगमध्ये लिहायला हवं.

/प्रॉक/लॉक्स मधली ओळ कशी वाचायची?

या फाइलीत कर्नल सध्याच्या लॉकांची यादी दाखवतं. समजा अशा दोन ओळी दिसल्या:

३: पॉझिक्स ॲडव्हायझरी राइट ४८१२ १०३:०२:१८३५०२६ ० ईओएफ
३: -> पॉझिक्स ॲडव्हायझरी राइट ५१७७ १०३:०२:१८३५०२६ ० ईओएफ

पहिला आकडा अनुक्रमांक. मग जात: पॉझिक्स, फ्लॉक, ओएफडीएलसीके, लीज वगैरे. ॲडव्हायझरी म्हणजे सामंजस्याचं लॉक, न विचारता लिहिणाऱ्याला ते अडवत नाही. सक्तीचं लॉक लिनक्समधून २०२१ साली, ५.१५ मध्ये, काढून टाकलं गेलं. राइट म्हणजे लिहिण्यासाठी. ४८१२ हा आपला पीआयडी. शेवटी कुठून कुठपर्यंत: शून्यापासून फाइलच्या अंतापर्यंत, म्हणजे अख्खी फाइल.

बाण असलेली ओळ म्हणजे रांगेत थांबलेला. तिथला पीआयडी धरणाऱ्याचा नाही, वाट बघणाऱ्याचा आहे. घाईत माणसं नेमकी तीच ओळ उचलतात आणि बिचाऱ्या थांबलेल्या प्रोसेसलाच मारतात. अनुक्रमांक सारखा बघून वरची बाण नसलेली ओळ शोधा.

मधल्या १०३:०२:१८३५०२६ या तुकड्यावर बरेच जण अडखळतात. पहिले दोन भाग डिव्हाइसचे मेजर-मायनर नंबर आणि ते षोडशमान पद्धतीत छापलेले असतात. एनव्हीएमई डिस्कच्या पार्टिशनचा मेजर नंबर २५९, तो इथे १०३ असा दिसतो. तिसरा भाग आयनोड नंबर, म्हणजे डिस्कवर त्या फाइलची जी मूळ नोंद असते तिचा क्रमांक, तो मात्र साध्या दशमानात. फाइलचं नाव इथे नसतंच, कारण कर्नलच्या दृष्टीने लॉक आयनोडवर असतं, नावावर नाही. नाव शोधायला फाइंडला आयनोड नंबर द्या, किंवा एलएसलॉक्स ही कमांड वापरा. ती प्रोग्रॅमचं नाव आणि पथ जोडून देते. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर सबव्हॉल्यूममधल्या फाइलचा स्टॅटने दिलेला डिव्हाइस नंबर या यादीतल्या नंबराशी जुळत नाही, तेव्हा तिथे आयनोडवरच भिस्त ठेवा.

पीआयडीच्या जागी उणे एक दिसतोय. बिघाड आहे का?

नाही, ते ओएफडी लॉक आहे. ते एका प्रोसेसच्या मालकीचं नसल्यामुळे कर्नल मुद्दाम -१ दाखवतं. ४.१४ च्या आधीच्या कर्नलमध्ये एका चुकीमुळे सुरुवातीला लॉक घेणाऱ्या प्रोसेसचा नंबर दिसायचा. काही लोकांना तो जुना प्रकार सोयीचा वाटतो. मला वाटत नाही. ज्या नंबरावर विसंबता येत नाही तो न दाखवलेलाच बरा.

यादीत पीआयडी आहे, पण तशी प्रोसेसच अस्तित्वात नाही. हे कसं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एका ठिकाणी मी काम करत असताना रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट सलग दोन रात्री चाललीच नाही. लॉगमध्ये एकच ओळ: आधीची फेरी अजून चालू आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला नेहमीची व्यवस्था होती, नऊ नंबरचा डिस्क्रिप्टर एका लॉकफाइलवर उघडायचा आणि फ्लॉक कमांडने त्यावर लॉक घ्यायचं, नाही मिळालं तर बाहेर पडायचं. /प्रॉक/लॉक्समध्ये फ्लॉकची ओळ होती, तिच्यात एक पीआयडी होता. पीएस म्हणे अशी प्रोसेस नाही. आम्ही ‘कर्नलचा बग’ म्हणून बोलायलाही लागलो होतो.

बग नव्हता. स्क्रिप्टच्या मध्यात कोणीतरी एक छोटी सेवा बॅकग्राउंडला रीस्टार्ट करण्याची ओळ घातली होती. ती सेवा स्क्रिप्टचं पोर म्हणून जन्मली आणि नऊ नंबरचा डिस्क्रिप्टर वारशात घेऊन गेली. स्क्रिप्ट संपली, तिची प्रोसेस गेली. पण उघडलेली फाइल अजून त्या सेवेच्या हातात होती, त्यामुळे लॉकही होतं. रकान्यात मात्र लॉक घेणाऱ्या मूळ प्रोसेसचा नंबर, जी केव्हाच संपली होती.

तिसऱ्या दिवशी जे दिसलं त्याने मला खरी धडकी भरली. तोच नंबर आता जिवंत दिसत होता, पण तो डेटाबेसच्या एका वर्कर प्रोसेसला मिळाला होता. पीआयडी पुन्हा वापरले जातात. जुनी ठरावीक मर्यादा ३२,७६८ ची. ६४-बिट मशिनवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते, तेव्हा पुनर्वापर उशिरा होतो, पण होतोच. यादीवर विश्वास ठेवून कोणी त्या नंबराला किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने मारणारी कमांड) दिलं असतं तर लॉक तसंच राहिलं असतं आणि डेटाबेस गडगडला असता.

उपाय साधा आहे. पोराला जन्म देताना नऊ नंबरचा डिस्क्रिप्टर त्याच्यापुरता बंद करायचा. शेलमध्ये त्या कमांडपुढे ९>&- असं लिहून ते होतं. फ्लॉक कमांडलाच प्रोग्रॅम चालवायला देत असाल तर तिचा ‘क्लोज’ पर्याय हेच काम करतो. सी मध्ये फाइल उघडताना क्लोज-ऑन-एक्झेकचा झेंडा लावा.

मग फ्लॉक आज कोणाच्या हातात आहे ते खात्रीने कसं शोधायचं?

पीआयडी सोडून उघड्या फाइलींच्या बाजूने या. प्रत्येक प्रोसेसच्या /प्रॉक/पीआयडी/एफडीइन्फो या फोल्डरमध्ये तिच्या एकेका डिस्क्रिप्टरची फाइल असते. ४.१ पासून त्या डिस्क्रिप्टरमागे लॉक असेल तर त्या फाइलीत ‘लॉक:’ ने सुरू होणारी ओळ येते. रूट होऊन सगळ्या प्रोसेसच्या एफडीइन्फोवर ग्रेप मारा, ‘लॉक:’ आणि तुमचा आयनोड नंबर शोधा. जी प्रोसेस सापडेल ती खरोखर लॉक धरून आहे, मग तिच्या ओळीत आतला पीआयडी कुठलाही जुना असो. एकाहून जास्त सापडल्या तर सगळ्याच धरून आहेत. फ्लॉक वाटून घेतलेलं असू शकतं.

वरच्या प्रसंगात ती सेवा आम्हाला अशीच सापडली, दोन मिनिटांत. त्याआधी दोन दिवस गेले होते.

फ्यूजर आणि एलएसओएफ हेही उपयोगी आहेत, पण ते फाइल उघडी कोणाकडे आहे ते सांगतात. उघडी असणं आणि लॉक असणं यात फरक आहे, तो विसरू नका.

प्रोग्रॅममधून विचारायचं असेल तर?

पॉझिक्स लॉकसाठी एफसीएनटीएलची एफ-गेटएलके ही विचारणा आहे. तुम्हाला हवं ते लॉक वर्णन करून द्यायचं. अडथळा असेल तर कर्नल अडवणाऱ्या लॉकांपैकी एकाची माहिती भरून परत देतं, त्यात एल-पिड हा रकाना असतो. अडवणारी पाच लॉक असली तरी माहिती एकाचीच मिळते. स्वतःचं लॉक स्वतःला अडवत नाही, म्हणून ते या मार्गाने कधी दिसणार नाही. ओएफडीसाठी तिची जुळी विचारणा आहे, तिला एल-पिड शून्य करूनच हाक मारावी लागते, नाहीतर अवैध म्हणून परत येते. फ्लॉकसाठी मात्र अशी विचारण्याची सोयच नाही. तिथे वरचा एफडीइन्फोचा रस्ता.

मिळालेल्या पीआयडीला थेट सिग्नल पाठवला तर चालेल?

थांबा. हा भाग मला मनापासून सांगायचा आहे, कारण चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही.

एल-पिडमध्ये चार तऱ्हेचे आकडे येऊ शकतात: साधा धन आकडा, शून्य, उणे एक आणि इतर ऋण आकडे. आता किल या सिस्टिम कॉलचा अर्थ आठवा. किलला शून्य दिलं तर सिग्नल तुमच्या स्वतःच्या प्रोसेस-ग्रुपमधल्या सगळ्यांना जातो. उणे एक दिलं तर परवानगी असलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रोसेसला. रूट असाल तर सगळं मशीन. उणे ४८१२ दिलं तर ४८१२ नंबरच्या प्रोसेस-ग्रुपला. म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमने एल-पिड न तपासता किलकडे सरकवला आणि समोर ओएफडी लॉक असलं, की एका ओळीत सर्व्हर झोपतो. असा कोड मी तपासणीत प्रत्यक्ष पाहिला आहे. तो वर्षभर नीट चालला होता, कारण तोवर समोर कायम पॉझिक्स लॉकच आलं होतं.

आकडा शून्यापेक्षा मोठा आहे ही तपासणी हवीच. शिवाय विचारणा आणि सिग्नल यांच्या मधल्या क्षणात ती प्रोसेस संपून नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो. पॉझिक्स लॉकसाठी मी असा क्रम वापरतो: एफ-गेटएलकेने नंबर घ्यायचा, पिडएफडी-ओपनने त्या प्रोसेसवर डिस्क्रिप्टर मिळवायचा, मग पुन्हा एफ-गेटएलके करून तोच नंबर येतो का बघायचं, आणि आला तरच पिडएफडीवर सिग्नल पाठवायचा. पिडएफडी त्या एका प्रोसेसला चिकटलेला असतो. ती मेली आणि नंबर दुसऱ्याला गेला तरी सिग्नल त्या दुसऱ्याला जात नाही, चूक परत येते. ही सोय ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे.

एपीटी म्हणतं लॉक अमुक प्रोसेसने धरलंय. लॉकफाइल पुसून टाकू का?

नका टाकू, कृपा करून. उबुंटूवर, जिथे पॅकेजं बसवायचं काम एपीटी आणि डीपीकेजी करतात, नवीन मशीन सुरू केलं की पहिल्या काही मिनिटांत हा निरोप हमखास येतो: /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड मिळालं नाही, अमुक नंबरच्या प्रोसेसने धरलंय, आणि कंसात ‘अनअटेंडेड-अपग्र’ असं तुटकं नाव. नाव तुटतं कारण कर्नल प्रोसेसच्या नावाची १५ अक्षरंच ठेवतं. हा नंबर एफ-गेटएलकेमधून आलेला असतो, लॉक पॉझिक्स जातीचं असतं, आणि त्याच मशिनवर, त्याच नेमस्पेसमध्ये (कंटेनरला मिळतो तशा पीआयडींच्या वेगळ्या कप्प्यात) असाल तर तो विश्वासार्ह आहे. ती स्वयंचलित अपडेट चालू आहे. संपू द्या. घाई नसेल तर एपीटीला डीपीकेजी-लॉक-टाइमआउटचा पर्याय देऊन थांबायला सांगता येतं.

लॉकफाइल पुसण्याचा सल्ला इंटरनेटवर ढिगाने सापडतो आणि तो वाईट आहे. लॉक आयनोडवर असतं. तुम्ही नाव पुसलंत, तरी चालू प्रोसेस जुन्या आयनोडवरचं लॉक धरून काम करतच असते. तुमची नवी कमांड त्याच नावाची नवी फाइल बनवते, नवा आयनोड, त्यावर कोणाचंच लॉक नाही, लगेच मिळतं. आता दोघंही पॅकेजच्या नोंदींमध्ये एकाच वेळी लिहितायत. ज्यासाठी लॉक होतं नेमकं तेच घडलं.

प्रोसेस खरंच मध्येच मेली असेल तर पॉझिक्स लॉक तिच्यासोबतच सुटलेलं असतं, पुसायला काही उरत नाही. अर्धवट राहिलेली पॅकेजं डीपीकेजीच्या कॉन्फिगर पर्यायाने पूर्ण करून घ्या.

किल -९ दिलं तरी लॉक सुटत नाही.

प्रोसेस डी अवस्थेत असेल, म्हणजे डिस्कची किंवा नेटवर्क स्टोरेजची वाट बघत न हलणारी, तर ती अजून मेलेलीच नाही. लॉक सुटतं ते प्रोसेस बाहेर पडताना तिच्या फाइली बंद होतात तेव्हा.

दुसरी शक्यता: पीएसमध्ये ती झोंबी (संपलेली, पण यादीतून अजून न निघालेली) दिसते, तरी लॉक आहे. खऱ्या झोंबीच्या फाइली आधीच बंद झालेल्या असतात. पण मुख्य थ्रेड संपून बाकीचे थ्रेड चालू असतील तर मुख्य नंबर झोंबी दिसतो आणि उघड्या फाइलींचा तक्ता बाकीच्यांच्या हातात जिवंत असतो. पीएसला थ्रेड दाखवायला सांगा, लगेच उलगडेल.

कंटेनरच्या आत एक पीआयडी, होस्टवर दुसरा. खरा कोणता?

दोन्ही. एफएल-पिडमध्ये मूळ नेमस्पेसमधला, म्हणजे होस्टवरचा नंबर असतो. विचारणारा ज्या नेमस्पेसमध्ये आहे त्याप्रमाणे कर्नल दाखवताना भाषांतर करून देतं. /प्रॉक/लॉक्सच्या बाबतीत ते प्रॉक कोणत्या नेमस्पेससाठी माउंट झालंय हे बघितलं जातं.

गोंधळ होतो तो भाषांतरच होत नाही तेव्हा. दोन कंटेनर एकच व्हॉल्यूम वापरतायत. लॉक पहिल्याने धरलंय, विचारतोय दुसरा. पहिल्यातली प्रोसेस दुसऱ्याच्या नेमस्पेसमध्ये दिसतच नाही, म्हणून एफ-गेटएलके सांगतं: लॉक आहे, पीआयडी शून्य. आणि /प्रॉक/लॉक्समध्ये ती ओळच नसते, कारण ४.९ पासून ही यादी नेमस्पेसप्रमाणे गाळली जाते. लॉक मिळत नाही आणि यादीही रिकामी, हे बघून माणूस चक्रावतो. होस्टवर जा, तिथे काहीही गाळलं जात नाही.

मेलेल्या मूळ प्रोसेसचा फ्लॉक असेल तर कंटेनरमध्येही शून्यच, कारण भाषांतर करायला नंबरामागे कोणी उरलेलं नसतं. होस्टवर मात्र रकान्यातला जुना आकडा तसाच दाखवला जातो. ४.१४ मधल्या बदलानंतर तोही दिसेनासा झाला होता. २०१८ साली तो परत दाखवायला लागले, मालक मेल्यावरही मागे राहिलेल्या फ्लॉकचा माग काढायला तेवढाच धागा असतो म्हणून.

४.१४ मध्ये असं काय बदललं, ज्याचा उल्लेख सारखा येतो?

त्याआधी लॉकच्या नोंदीत आणखी एक रकाना होता, एफएल-एनएसपिड. त्यात आकडा नव्हता, कर्नलच्या आतल्या पिड-वस्तूचा धरलेला संदर्भ होता. भाषांतर सोपं व्हावं म्हणून प्रत्येक लॉकमागे असा संदर्भ धरून ठेवायचा.

मोडलं ते एनएफएस या नेटवर्क फाइलसिस्टिमच्या चौथ्या आवृत्तीमुळे. तिथल्या एका सुधारणेनंतर लॉकची स्थानिक नोंद प्रोग्रॅमच्या स्वतःच्या संदर्भात न होता, उत्तर आलं की पार्श्वभूमीला काम करणाऱ्या केवर्करकडून व्हायला लागली. नोंद करणारा तो, म्हणून पिडही त्याचाच. लॉक घेतलं तुमच्या प्रोग्रॅमने आणि यादीत नाव कर्नलच्या केवर्करचं. बेंजामिन कॉडिंग्टन यांच्या २०१७ मधल्या बदलाने एफएल-एनएसपिड काढूनच टाकलं. साधा आकडा ठेवायचा आणि कोणी विचारेल तेव्हा त्यावरून पिड शोधून भाषांतर करायचं. मला हा निर्णय आवडतो. लॉक दिवसाला लाखो घेतली जातात, नंबर विचारणारा एखादाच. त्या एकासाठी प्रत्येक लॉकवर संदर्भाचं ओझं कशाला?

दूरच्या मशिनवरच्या नंबरांसाठी त्याच बदलात एक संकेत ठरला: फाइलसिस्टिमने शून्य किंवा ऋण आकडा दिला तर तो दूरचा समजायचा आणि भाषांतराच्या वाटेला जायचं नाही. सेफ, सीआयएफएस, नाइन-पी अशा फाइलसिस्टिमांना त्याप्रमाणे दूरचे आकडे उलटे करून द्यायला लावलं. त्यामुळे दूरचा ४८१२ आणि तुमच्या मशिनवरचा ४८१२ यांची गल्लत होत नाही. किलबद्दल वर जे लिहिलंय ते इथे पुन्हा आठवा.

एनएफएसवर लॉक असेल तर पीआयडी कोणाचा?

तुम्ही कुठे बसून बघताय त्यावर आहे. सर्व्हरवर बघितलंत तर तिसऱ्या आवृत्तीत लॉकडीचा (लॉक सांभाळणाऱ्या सेवेचा) आणि चौथ्या आवृत्तीत एनएफएसडीच्या (एनएफएस सर्व्हरच्या) एखाद्या थ्रेडचा नंबर दिसेल. त्याला मारून काही साधणार नाही, तो फक्त क्लायंटच्या वतीने उभा आहे. लॉकडीच्या बाबतीत हे २०१९ मध्ये दुरुस्त झालं. त्याआधी सर्व्हरच्या यादीत दूरचा आकडा स्थानिक असल्यासारखा दिसायचा.

लॉक घेणाऱ्या क्लायंटवरच बघितलंत तर तुमच्याच प्रोसेसचा खरा नंबर. दुसऱ्या क्लायंटवरून विचारलंत तर चौथ्या आवृत्तीत शून्य, कारण त्या प्रोटोकॉलमध्ये पीआयडी पाठवलाच जात नाही, मालक म्हणून बाइटांचा एक गूढ तुकडा जातो. तिसऱ्या आवृत्तीत ऋण आकडा येईल, पण समोर लिनक्स क्लायंट असेल तर तो पीआयडी नसतोच. लॉकडी प्रत्येक मालकाला स्वतःच्या मोजणीतून एक क्रमांक देतो, तोच तारेवरून जातो. उणे चिन्ह काढून तो नंबर त्या मशिनवर शोधायला जाऊ नका. मी गेलो आहे, तिथे एक निरपराध शेल सापडलं होतं.

आणखी एक: २.६.१२ पासून एनएफएस क्लायंट फ्लॉकला अख्ख्या फाइलवरच्या बाइट-लॉकचं रूप देऊन सर्व्हरकडे पाठवतो. त्यामुळे क्लायंटवर फ्लॉक दिसणारी गोष्ट सर्व्हरच्या यादीत पॉझिक्स म्हणून दिसेल.

डेडलॉक ओळखायला तरी पीआयडी वापरतात ना?

तिथेही, म्हणजे सगळे एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकतात तेव्हाही, नाही. ‘हा मालक कोणाची वाट बघतोय, तो पुढे कोणाची’ अशी साखळी मालकांवरूनच चालली जाते, दहा पायऱ्यांपर्यंत. वर्तुळ सापडलं तर शेवटच्या मागणाऱ्याला नकार मिळतो. ही तपासणी फक्त पॉझिक्स लॉकसाठी आहे. फ्लॉक आणि ओएफडीवाल्यांनी लॉक घेण्याचा क्रम स्वतः सांभाळायचा.

मी माझ्या सेवेसाठी पीआयडी-फाइल ठेवतो. ती पुरेशी आहे का?

नुसता आकडा लिहिलेली फाइल पुरेशी नाही. सेवा कोसळली की आकडा मागे राहतो आणि पुढे तो दुसऱ्याच प्रोसेसला मिळतो. स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणते ‘आधीच चालू आहे’. त्याच फाइलवर लॉक घ्या आणि सेवा चालू असेपर्यंत सोडू नका. चालू आहे की नाही ते लॉकने ठरवा, आकडा फक्त माणसाला वाचायला ठेवा. सेवा बंद होताना फाइल पुसू नका, आयनोडची तीच भानगड होते; आतला मजकूर रिकामा केलात तरी चालेल. आणि लॉक सेवेने डीमन (पार्श्वभूमीला चालणारी प्रोसेस) होण्यासाठीचे सगळे फोर्क झाल्यावर घ्या. पॉझिक्स लॉक आधी घेतलंत तर ते पालकासोबत जातं, आणि फ्लॉक आधी घेतलंत तर यादीत मेलेल्या पालकाचा नंबर राहतो.